हातावर थोडं वजन

भाऊजी, शेवटी तुम्हाला बँड लावून नेलं.

पुढे सहा बँडवाले, अंगात लाल कोट, त्यातल्या एकाच्या कोटाला गुंड्याच नव्हत्या. मागे तुम्ही, आणि तुमच्यामागे अर्धं मोरगाव. गॅसच्या गोदामावरून तुम्हाला नेलं तेव्हा आतली माणसं काम सोडून रस्त्यावर येऊन उभी राहिली. आम्ही बायका वळणापर्यंत आलो आणि तिथंच थांबलो. वळणापलीकडूनही ढोल बराच वेळ ऐकू येत होता. निघण्याआधी तुमचा नितीन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, बाबाले बँड लय आवडे ना, म्हणून बलावला. बरोबर केलं ना मी?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बरोबर केलंस म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बँडनं तुमचं डोकं दुखायचं. लग्नाच्या दिवसांत दारावरून वरात निघाली की तुम्ही ओट्यावर येऊन उभे राहायचात, मान हलवायचात, हसायचात, आणि वरात पुढे गेली की आत येऊन कपाळाला बाम चोळायचात. बामची डबी माझ्या पुस्तकांच्या फळीवर असायची, म्हणून मला माहीत. बँड आवडतो असं तुम्ही बावीस वर्षं दाखवलंत आणि ते माझ्यासाठी दाखवलंत. या घरात ही गोष्ट फक्त आपल्या दोघांना माहीत होती. आता ती माझ्या एकटीजवळ उरली आहे आणि मला ती सांभाळवत नाही.

तुमचं वय, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, हे सगळं नितीननं छापलेल्या कार्डावर आहे. ते इथं पुन्हा लिहीत नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडवाचे बांबू निघाले. मी थकले आहे, भाऊजी. चहाचे कप धुऊन थकले आणि "काय झालं होतं वो?" या एकाच प्रश्नाला एकच उत्तर देऊन थकले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि माझ्या बहिणीनं, बाईनं, कप उचलायला हात लावला तर उठलेच नाहीत. एवढंच झालं होतं. पण येणाऱ्याला तेवढ्यानं समाधान नसतं, म्हणून मी त्यात थोडं थोडं घालून सांगत गेले. तिसऱ्या दिवसापासून माझं रडूही आटलं. तेरवीच्या पंगतीत तुमचे मोरगावचे मित्र बसले होते. त्यातल्या एकानं ती जुनी गोष्ट काढली, की हा माणूस बँड पाहायच्या नादात पायाची दोन बोटं देऊन बसला. सगळे हसले. बाईसुद्धा वाढता वाढता हसली. मी वरणाचं भांडं खाली ठेवून मागच्या ओट्यावर जाऊन बसले.

त्या ओट्यावर बसून मला तुमचे हात आठवत राहिले.

देवरीच्या पलीकडच्या आमच्या गावाहून मी दहावी झाल्यावर तुमच्याकडं शिकायला आले, तेव्हा तुम्ही बस स्टँडवर मला घ्यायला गॅसची गाडी घेऊन आला होतात. रिकाम्या सिलेंडरांच्या मधे माझी ट्रंक ठेवलीत आणि तिला दोरी बांधलीत. माझी मोठी बहीण, म्हणजे तुमची बायको, जिला मी बाई म्हणते, तिनं बाबांशी भांडून मला आणलं होतं. बाबा म्हणायचे पोरगी दहावी झाली, पुष्कळ झालं. बाईनं तीन वर्षांचा शब्द घेतला होता, पुढे बघू म्हणून. हे सगळं तुम्हाला माहीत होतं, पण रस्त्यात तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "भौतिकशास्त्र म्हणजे काय असते वो?" मी म्हटलं, वस्तू का हलतात, का पडतात, ते असतं त्यात. तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझंच काम आहे."

मी तेव्हा हसले. पंधरा दिवसांत हसू गेलं. एका दुपारी घरचा गॅस संपला, भरलेला सिलेंडर दारात होता, आणि बाई शेतावर गेली होती. मी कंबर कसून तो उचलायला गेले. तीस किलो लोखंड आणि गॅस. उंबऱ्यापर्यंत कसाबसा आणला आणि तिथंच बसले. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि मला बाजूला केलंत. "उचलून कोनाले दाखवाचं आहे? वजन घ्याले जमीन आहे ना. तू फक्त फिरव." सिलेंडर आपल्याकडं थोडा तिरपा केलात, खालच्या कड्याची एकच कड जमिनीवर राहू दिलीत, वरच्या कड्यावर दोन्ही हात ठेवलेत आणि स्टिअरिंग फिरवावं तसं फिरवत चालत स्वयंपाकघरात गेलात. ना धाप, ना घाम. जे मला अख्खं शरीर लावून जमलं नव्हतं ते तुम्ही मनगटांनी केलं.

नंतर मी तुम्हाला रोज पाहत गेले. तिरपा सिलेंडर सरळ जात नाही, आपोआप वळत जातो, म्हणून तुम्ही दर दोन वळशांनी मनगट उलटं मारून त्याला पुन्हा वाटेवर आणायचात. सिमेंटच्या रस्त्यावर दोन्ही हातांनी दोन सिलेंडर चालवायचात. घरात बसूनच बायका आवाजावरून ओळखायच्या की गॅस आला. रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत खेड्यातल्या गल्लीत चिखल असायचा आणि कडं त्यात रुतून बसायचं. तुम्ही गाडीत दोन बोरे, म्हणजे गोणपाटाची पोती, ठेवायचात. एक अंथरायचा, त्यावरून सिलेंडर न्यायचा, तोवर मागचा उचलून पुढे अंथरायचा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की याला दाब म्हणतात, वजन जास्त जागेवर पसरलं की ते रुतत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग मी तेच तं करून राहिलो." तुम्ही मला कधी खोटं पाडायला बोलला नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी पुस्तक घेऊन तुमच्यामागं यायची. साळीनं भाऊजींची थट्टा करायची असते, तेवढं म्हणून तुम्ही ते चालवून घ्यायचात. चारचौघांत मला 'आमची कालेजवाली' म्हणायचात, आणि ती थट्टा नसायची.

आता मूळ गोष्टीवर येते. इतके दिवस तिच्या कडेकडेनंच फिरते आहे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. संध्याकाळी तुम्ही मनगटाला तेल चोळत बसायचात. एकदा मी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की तुम्ही सिलेंडर पुरता तिरपा करतच नाही. थोडा कमी करता. त्यामुळं तो सतत मागे, आपल्या बुडावर उभा राहायला बघतो, आणि तुम्हाला त्याला दिवसभर आपल्याकडं ओढून धरावं लागतं. मनगटं त्यानंच दुखत होती. मला त्या वर्षी गुरुत्वमध्य शिकवला होता. मी वहीवर आकृती काढली. सिलेंडर आणखी थोडा तिरपा केला तर त्याचा गुरुत्वमध्य बरोबर त्या कडेच्या वर येतो, आणि मग हातावर काहीच वजन राहत नाही. शून्य. मला इतका आनंद झाला होता, भाऊजी. मला वाटलं मी या घराचं खाल्लेलं थोडंतरी फेडते आहे.

शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी तुम्हाला एक तिकोना करून दिला. तो जमिनीवर ठेवायचा आणि सिलेंडर त्याच्या कलत्या बाजूला टेकेल इतका तिरपा करायचा, म्हणजे अंदाज येईल. बाई त्या दिवसांत धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, शेतावर जायची, म्हणून तिला यातलं काही दिसलं नाही. अंगणात आपण दोघंच होतो. तुम्ही दोनतीनदा करून पाहिलंत आणि तुमच्या कपाळाला आठी पडली.

"हातावर थोडं वजन पाहिजे," तुम्ही म्हणालात.

"कायले?"

"वजन असलं तं समजते ना तो कोनीकडं जाऊन राहिला. हात खाली झाला मंग समजन कसं?"

मी म्हटलं, हात रिकामाच हवा, भाऊजी, गणित आहे ते, चुकत नाही. तुम्ही विचारलंत, "अन् आतला माल हालते, त्याचं काय?" मी चक्क हसले. आत गॅस आहे, गॅस काय पाण्यासारखा डचमळतो काय, म्हटलं. तुम्ही मला सिलेंडरला कान लावायला सांगून तो हलवला असतात तर मी ऐकलं असतं. पण तुम्ही तसं केलं नाहीत. माझ्याकडं पाहिलंत, पुठ्ठा उचललात, झटकलात आणि गाडीच्या सीटखाली ठेवलात. "तू शिकलेली आहेस," एवढं बोललात. तो वाद तिथंच राहिला. तुम्ही हरला नव्हतात, तुम्ही बोलणं थांबवलंत. शिक्षणावर माझ्यापेक्षा तुमचाच विश्वास जास्त होता, आणि मला तो परवडणारा नव्हता.

महिनाभर तुम्ही माझ्या पद्धतीनं काम केलंत. गोदामातल्या माणसांनाही ती रीत दाखवलीत, कुणाची ते मात्र सांगितलं नाहीत. मनगटं खरंच कमी दुखू लागली. मी परीक्षेला बसण्याआधीच पास झाल्यासारखी हिंडत होते.

शेजारच्या घरचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची पाठवणी चालली होती, दारात बँड वाजत होता, बाई पुढे मुलीजवळ बायकांत बसली होती. तुम्ही आचाऱ्याच्या मांडवातून उरलेला सिलेंडर परत न्यायला आलात. मोठा, हॉटेलातला असतो तो, अर्धा वापरलेला. मी मांडवाच्या दारात उभी होते. तुम्ही तो रोजच्याइतका तिरपा केलात, पण हात रिकामा झाला नाही, कारण अर्ध्या सिलेंडरचं वजन खाली बसलेलं असतं आणि त्याचा तोलाचा बिंदू पुढे सरकलेला असतो. हे मला आज माहीत आहे. तुम्ही आणखी तिरपा केलात, आणखी थोडा, आणि मग तुमचा चेहरा उजळला. सापडला. फिरवत फिरवत दारापर्यंत आणलात, माझ्याकडं पाहिलंत, आणि मला दाखवायला वरच्या कड्यावरून चार बोटं उचललीत. हात खाली, म्हणजे रिकामा, असं दाखवत होतात. पायरी आली म्हणून सिलेंडर थांबवलात. सिलेंडर थांबला, आतला माल थांबला नाही. एरवी तो मागे, आपल्या बुडावर गेला असता. त्या दिवशी तो तुमच्यावर आला. हातावर वजनच नव्हतं, तर तुम्हाला कळणार कसं? तुम्ही मागे उडी मारलीत, पण उजवा पाय पायरीच्या दगडावर राहिला आणि वरचं कडं बोटांवर आलं.

तुम्ही ओरडलाही नाहीत. बँडमुळं आधी कुणाला कळलंच नाही. मग माणसं धावली, काय झालं, काय झालं म्हणाली, आणि तुम्ही दगडावर बसल्या बसल्या म्हणालात, "बँडकडं पाहून राहिलो होतो." मी तुमच्यापासून दोन हातांवर होते. तुम्ही माझ्याकडं पाहत होतात. बँडकडं तुमची पाठ होती.

दवाखान्यातल्या बाकावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. बाई आत डॉक्टरांशी बोलत होती. तुम्ही म्हणालात, "पुठ्ठ्याचं कोनाले सांगजो नको. तुझ्या बाईले तं बिलकुल नाही." मी रडत होते. तुम्ही म्हणालात, "रडू नको वो. बाई तुझं कालेज बंद करन. मी ओळखतो तिले." मी मान हलवली. त्या वेळी बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं, बाई कसंबसं थोपवून धरत होती, आणि मला शिकायचं होतं. म्हणून मी गप्प बसले. मला भीती होती हे खरं आहे, आणि गप्प बसणं सोयीचं होतं हेही खरं आहे. तुमची दोन बोटं काढली. मी त्या वर्षी पहिल्या वर्गात पास झाले. तुम्ही गोदामात पेढे वाटलेत.

पुढच्या सगळ्या वर्षांत बाईला एक विषय मिळाला. वरात आली की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "जा वो, तुमचा बँड आला. आता आठच उरले, सांभाळून पाहा." पाहुण्यांसमोर म्हणायची, नितीनला शिकवताना म्हणायची, की कामात लक्ष नसलं की तुझ्या बाबासारखं होते. तुम्ही हसायचात. खोटं खरं वाटावं म्हणून ओट्यावर जाऊन उभे राहायचात. कुणी लग्नात बोलावलं तर तुम्हाला मुद्दाम बँडवाल्यांजवळची खुर्ची द्यायचे. नितीननं पहिल्या पगारात तुम्हाला बँडच्या गाण्यांचं पेन ड्राइव्ह आणून दिलं होतं. तुम्ही ते त्याच्यासमोर पूर्ण ऐकलंत. मी त्या दिवशी नोकरीच्या गावाहून, देवरीहून आले होते. बामची डबी फळीवरून मीच काढून दिली तुम्हाला.

नोकरी लागल्यावर मी तुम्हाला दोन चाकांची ट्रॉली करून आणली. आता ढकला सिलेंडर, म्हटलं. तुम्ही ती बाईला पाण्याच्या ड्रमांसाठी देऊन टाकलीत. मी भांडले. तुम्ही म्हणालात ट्रॉली पायरी चढत नाही, आणि ते खरंच होतं. पाय लंगडत असूनही तुम्ही पुन्हा आपल्या जुन्या पद्धतीनं, थोडं वजन हातावर ठेवून, सिलेंडर चालवत राहिलात. फक्त आता उजवा पाय मागे आणि डावा पुढे असायचा. पुठ्ठ्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

मला तुमचं म्हणणं कळलं ते फार उशिरा. बारावीच्या वर्गावर समतोल शिकवत होते. अर्धी भरलेली पाण्याची बाटली टेबलावर तिरपी धरली, कडेवर फिरवत नेली आणि एकदम थांबवली. ती माझ्या हातावर पडली. पोरं हसली. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. आत द्रव असतो, भाऊजी. दाबाखाली गॅसचा द्रव होतो, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते, आणि अंगणात तुमच्यासमोर हसले होते. आणि जिथं हातावर काहीच वजन नसतं ती जागा सगळ्यांत वाईट, कारण तिथून वस्तू कुठंही जाऊ शकते आणि हाताला खबर लागत नाही. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं होतं. मी तो बाटलीचा प्रयोग आजही दरवर्षी करते. कुणाकडून शिकले ते वर्गात कधी सांगितलं नाही.

मागच्या दिवाळीत मी ठरवून आले होते. बाई बाजारात गेली होती, तुम्ही खुर्चीत होतात. मी म्हटलं, भाऊजी, मी आज बाईला सांगणार आहे. तुम्ही पेपर खाली ठेवलात.

"आता कायले?"

"ती तुम्हाला बोलते सारखी. मला ऐकवत नाही."

"बोलते कोठी? हासते. तिले दिवसभरात हासाले दुसरं काय आहे? हासू दे ना."

मी म्हटलं, मला माफी तरी मागू द्या तुमची. तुम्ही पेपर पुन्हा उचललात. "आठ बोटांनी माझं काही अडलं नाही," म्हणालात. मी तुमच्या पेपरच्या मागच्या पानाकडं पाहत बसून राहिले. माफी मागायची तशीच राहिली. आता मागते आहे, तर पलीकडं कुणी नाही. मला तुमचाही राग येतो कधी कधी. माझी भीती तुम्ही इतकी नीट सांभाळलीत की ती कधी गेलीच नाही. तुम्ही मला शिकवलंत, पोसलंत, वाचवलंत, आणि एका गोष्टीत लहानच ठेवलंत. हे तुम्हाला तोंडावर बोलले असते तर तुम्ही पेपर वाचत राहिला असतात.

आज सकाळी नितीन नागपूरला गेला. दुपारी बाई मागच्या ओट्यावर सूप घेऊन तांदळातले खडे वेचत होती, मी समोर बसले होते. ती म्हणाली, "बँड चांगला वाजला. त्यायच्या जिवाले बरं वाटलं असन." नितीनला बँडचं तिनंच सुचवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मग माझ्यानं राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पुठ्ठा, अंगण, शून्य, मांडवाचं दार, तुमची उचललेली चार बोटं, दवाखान्यातला बाक. बामची डबीही सांगितली. बोलताना मी तिच्याकडं पाहिलं नाही, सुपाकडं पाहिलं. तिचा हात मधेच थांबला होता.

तिनं बोटांतला खडा अंगणात टाकला. मग म्हणाली, "म्हणजे त्यायले बँड आवडत नव्हता."

"नाही."

"अन् मी त्यायले बँड लावून धाडलं."

तिनं सुपातले तांदूळ एका बाजूला लोटले.

"तू तवा काऊन नाही सांगितलं?"

"ते नको म्हणाले. तू माझं कॉलेज बंद करशील म्हणाले."

मला वाटलं होतं ती चिडेल, मी असं केलं असतं काय म्हणेल. मी तिची समजूत काढायची तयारीही केली होती. बाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"बंदच केलं असतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. बाबाले निरोप धाडला असता अन् तुले त्या स्थळाले देऊन टाकलं असतं."

तिनं हे अगदी सरळ सांगितलं, दुधाचा हिशोब सांगावा तसं. तुम्ही बायकोला बरोबर ओळखलं होतंत, भाऊजी. मी इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले होते, की बाई तशी नाही, भाऊजींनी उगाच घेतलं अंगावर, खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. चाललं नसतं. माझी नोकरी, माझं घर, माझा वर्ग, हे सगळं तुमच्या त्या एका खोट्या वाक्यावर उभं आहे.

तेरा दिवसांत बाई रडली नव्हती. लोक म्हणत होते, बाई खंबीर आहे. आता ती पदर तोंडाला लावून रडली, आवाज न करता, खांदे हलवत. मी जवळ सरकले तर तिनं हातानं थांबवलं. "बावीस वर्षं मी त्यायले..." म्हणाली. मग डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्याकडं पाहिलं. मला अशा डोळ्यांनी तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"मले दोघायचाही राग आला आहे," ती म्हणाली. "एक तं निघून गेला. आता त्यायच्या वाटचाही तुलेच घ्या लागन."

मी म्हटलं, "दे."